टाचणीच्या डावीकडे

माश्या ओळखताना रंगाला भुलायचं नाही. टाचणीवर वाळता वाळता रंग उडतात; गोमाशीच्या डोळ्यांवरचे झळझळीत पट्टे तर मेल्यावर लवकरच मावळतात. टिकतात त्या पंखांच्या शिरा आणि अंगावरचे ताठ केस. भिंगाखाली साक्ष त्यांचीच.

घरमाशीच घ्या. पाठीवर चार काळे पट्टे दिसले म्हणून भागत नाही. पेटीतला नमुना उजेडात तिरपा करून पंखाची मधली शीर बघायची. घरमाशीत ती टोकाजवळ कोपरासारखी वळते आणि वरच्या शिरेकडे झेपावते. मस्किना स्टॅबुलान्स या माशीत तिला नुसताच हलका बाक असतो. फॅनिया माश्यांत ती सरळ पंखाच्या कडेला जाते. मग छातीची बाजू. मागच्या पायाच्या बुडाच्या वर ताठ केसांची ओळ दिसली की घरमाशीचं कुल बाद, निळ्या-हिरव्या माश्या किंवा मांसमाश्यांकडे वळायचं.

म्हणूनच टाचणी छातीच्या बरोबर मधोमध नाही, तर किंचित उजवीकडे टोचतात. ती जिथून जाते तिथले केस जातातच. पण माशीच्या दोन्ही बाजू सारख्या असल्याने डावी शाबूत राहिली की काम निभतं. घाईने मधोमध टाचणी खुपसलेला नमुना पुढच्या कित्येक अभ्यासकांना मुका होतो.

मांसमाशी (सार्कोफॅगा) मात्र केसांनाही दाद देत नाही. पाठीवर तीन पट्टे, पोटावर चौकडी, सगळ्या एकीसारखी एक. जाती ठरते ती बहुधा नराच्या जननेंद्रियांवरून. पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात मऊ करायचं, ग्लिसरीनमध्ये ठेवून बघायचं आणि इवल्याशा कुपीत घालून त्याच टाचणीला लावायचं. हाती एकटी मादी असेल, तर बहुतेक वेळा चिठ्ठीवर ‘सार्कोफॅगा, मादी’ एवढंच लिहून थांबायचं. पुढची जागा रिकामी बघून हात शिवशिवतो. पण अंदाजाने लिहिलेलं नाव पेटीतून यादीत जातं, यादीतून पुस्तकात, आणि मग ते पुसायला कुणी धजत नाही.

एन्रिको ब्रुनेट्टी यांनी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेतले माश्यांचे खंड १९१२, १९२० आणि १९२३ साली लिहिले. त्यातली कितीतरी नावं पुढे बदलली. ती तपासता आली, कारण नमुने जपलेले होते. तेव्हा माशी पकडलीत तर नाव नंतर शोधा. ठिकाण, तारीख आणि पकडणाऱ्याचं नाव मात्र त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहा.