दीड दिवसाचं लंडन

ऑफिसच्या कामासाठी पहिल्यांदाच इंग्लंडला चाललोय. लंडनसाठी हातात फक्त दीड दिवस. शनिवार पूर्ण आणि रविवार दुपारपर्यंत. मित्रांनी दिलेली यादी वाचूनच दम लागला! बिग बेन, टॉवर ब्रिज, लंडन आय, मादाम तुसाँ... अरे, मेणाचे पुतळे लोणावळ्यातही आहेत की!

किन्हवलीला फोन केला तर बाबा एवढंच म्हणाले, "बाबासाहेबांचं घर बघून ये. बाकी तुझं तू ठरव." झालं, यादी तिथूनच सुरू.

१०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये इथे राहत. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं होतं. पैसे जमवून १९२० मध्ये ते पुन्हा गेले. हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं.

वेळेचं गणित किन्हवलीकराला शिकवायला नको. एसटी चुकली की आसनगावची लोकल गेलीच! तर सकाळी चॉक फार्म स्टेशन, तिथून चालत घर. मग त्याच नॉर्दर्न लाइनने थेट टॉटनहॅम कोर्ट रोड, म्हणजे ब्रिटिश म्युझियम. बाबासाहेब तासन् तास वाचत बसायचे ते गोल वाचनालय तिथलंच. पुस्तकं आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत, पण इमारत उभी आहे. म्युझियमला तिकीट नाही, मात्र पाचला बंद होतं. म्हणून घर आधी.

लंडन आय कापलं. टॉवर ब्रिज रविवारी सकाळी, बाहेरूनच. आईची फर्माईश वेगळी: "फोटोत तू दिसला पाहिजेस, नुसत्या इमारती नकोत."