छप्पन हजारांचा हिशेब

सप्टेंबर 2020 मध्ये सोनीने प्लेस्टेशन 5 ची अमेरिकेतली किंमत जाहीर केली : 499 डॉलर. भारतात किती पडेल, कुणालाच ठाऊक नव्हते. आमच्या थोरल्याने शिकवण्या घेऊन पन्नास हजार साठवले होते. म्हणाला, "पप्पा, तुम्ही बी.कॉम. ना? सांगा की!"

मी पडलो कारकून माणूस. लगेच कागद ओढला. डॉलर 73 रुपये धरला, म्हणजे साडेछत्तीस हजार. त्यावर आयात शुल्क, वर जीएसटी. "छप्पन हजारांच्या खाली येत नाही, लिहून घे!" पोराने गुमान ते पैसे कॉम्प्युटर क्लासच्या फीला भरले.

2 फेब्रुवारी 2021 ला यंत्र भारतात आले. किंमत 49,990 रुपये!

चुकलो कुठे? शुल्क बसते ते माल बंदरात येतानाच्या किमतीवर. मी दुकानातल्या किमतीवर लावून बसलो. शिवाय हा धंदाच उफराटा. कंपनी प्रसंगी यंत्र तोट्यात विकते आणि गेम विकून भरून काढते. प्रतिस्पर्ध्यावरही नजर असतेच. 1995 साली लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सेगाने 399 डॉलर सांगितले, सोनीने त्याच दिवशी 299. हे कुठल्या खतावणीत सापडणार?

बरे, जुना माल स्वस्त होतो म्हणावे, तर नोव्हेंबर 2022 मध्ये तेच यंत्र 54,990 झाले. तो कागद पोराने अजून कपाटात ठेवलाय. एकदाही बोलून दाखवले नाही. भांडला असता तर बरे वाटले असते.