मूळ खाते कोणाचे?

व्यापारी घराण्यात जुन्या वह्या सहसा रद्दीत जात नाहीत. चालू वर्षाचा व्यवहार नव्या वहीत असतो. परंतु पेढी कोणाच्या भांडवलावर उभी राहिली आणि अडचणीच्या वेळी पहिला हात कोणी दिला, हे विचारायचे झाले की जुने बासनच सोडावे लागते. संगीताच्या क्षेत्रात हे काम जुन्या ध्वनिमुद्रिका करतात. अमेरिकेतील ‘ब्लूग्रास’ ह्या संगीतप्रकाराच्या बाबतीत एका रसिकाने हे बासन सोडले आणि एका मानी कलावंताच्या खात्यावर त्याची जमा नोंदवली गेली.

ब्लूग्रास हे तंतुवाद्यांचे संगीत आहे. मॅंडोलिन, फिडल, पाच तारांचा बॅंजो, गिटार आणि बास ही पाच वाद्ये विजेच्या साहाय्याशिवाय वाजतात. लय द्रुत, गायकाचा स्वर उंच आणि किंचित व्याकूळ. प्रत्येक वादक आपली पाळी आली की पुढे येतो, चार क्षण वाजवतो आणि दुसऱ्यासाठी जागा मोकळी करून मागे सरतो. केंटकी राज्यात १९११ साली जन्मलेले बिल मन्रो हे ह्या संगीताचे जनक मानले जातात. केंटकीला ‘ब्लूग्रासचे राज्य’ म्हणतात. त्यावरून त्यांनी आपल्या वाद्यवृंदाचे नाव ‘ब्लू ग्रास बॉईज’ ठेवले आणि पुढे तेच नाव संपूर्ण संगीतप्रकाराला मिळाले.

राल्फ रिन्झ्लर हा न्यू जर्सीत वाढलेला शहरी, सुशिक्षित तरुण. १९५०च्या दशकाच्या मध्यास आपला मित्र माइक सीगर याच्यासमवेत तो मेरीलॅंडमधील रायझिंग सन गावाजवळच्या ‘न्यू रिव्हर रॅंच’ येथे जाऊ लागला. ही उघड्यावरची साधी संगीतजागा होती. तेथे त्याने मन्रोंना प्रत्यक्ष ऐकले. रिन्झ्लर स्वतः मॅंडोलिन शिकत होता, त्यामुळे त्या छोट्या वाद्यातून निघणारी ताकद त्याला इतरांहून अधिक जाणवली असावी. त्याचे समाधान तेवढ्यावर झाले नाही. हे संगीत आले कोठून, हा प्रश्न त्याच्या मनात राहिला.

प्रश्न निकडीचा होण्यास आणखी एक कारण होते. डिसेंबर १९४५ मध्ये अर्ल स्क्रग्ज हा तरुण बॅंजोवादक मन्रोंच्या वृंदात आला. तीन बोटांनी बॅंजो वाजवण्याच्या त्याच्या पद्धतीने श्रोते चकित झाले. गायक व गिटारवादक लेस्टर फ्लॅट त्याआधीच वृंदात होता. १९४६ आणि १९४७ साली ह्या मंडळींनी कोलंबिया कंपनीसाठी केलेल्या ध्वनिमुद्रिका आजही ब्लूग्रासचा पाया समजल्या जातात. परंतु १९४८ मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्ज मन्रोंना सोडून गेले आणि त्यांनी स्वतःचा वृंद काढला. जुन्या पेढीतील दोन कर्तबगार माणसांनी बाहेर पडून तोच माल विकावा आणि गिऱ्हाइकांनी तिकडे गर्दी करावी, तसेच काहीसे घडले. १९६२ पासून ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’ ह्या दूरचित्रवाणी मालिकेतून त्यांचे वादन घरोघरी पोहोचले. शहरातील नव्या रसिकांना ब्लूग्रास म्हणजे स्क्रग्जचा बॅंजो एवढेच ठाऊक झाले. मन्रो मागे पडले, आणि मनातूनही दुखावले. रिन्झ्लर मुलाखतीसाठी गेला, तेव्हा ते आरंभी बोलावयासही तयार नव्हते.

येथे जुन्या तबकड्या साक्षीला आल्या. १९४६-४७च्या मुद्रिकांत बॅंजोची झळाळी आहेच. पण त्यांच्याही मागे गेले की ऑक्टोबर १९४० मध्ये अटलांटा येथे झालेल्या ध्वनिमुद्रिका लागतात. त्यांत बॅंजो मुळीच नाही. तरीही ती द्रुत, पुढे रेटणारी लय आणि तो उंच स्वर तेथे हजर आहे. आणखी मागे, १९३६ साली, बिल आणि त्यांचे थोरले बंधू चार्ली ह्या दोघांच्या मुद्रिका सापडतात. केवळ एक गिटार, एक मॅंडोलिन आणि दोन आवाज. परंतु मॅंडोलिनचा वेग कान टवकारावयास लावतो. एकेक तबकडी मागे जाताना वाद्ये कमी होत जातात, माणसे कमी होत जातात, आणि शेवटी उरतो तो एकच समान धागा. स्क्रग्जचे देणे मोठे होते यात शंका नाही. त्याच्या बॅंजोवाचून आजचे ब्लूग्रास ओळखू येणार नाही. मात्र मूळ खाते मन्रोंचे होते.

रिन्झ्लरने १९६३ साली ‘सिंग आऊट’ ह्या नियतकालिकात मन्रोंवर लेख लिहून हे मांडले. त्याच सुमारास त्याने मन्रोंच्या कार्यक्रमांची व्यवस्था हाती घेतली आणि विद्यापीठांतील तरुण श्रोत्यांपर्यंत त्यांना नेले. १९६६ साली डेक्का कंपनीने मन्रोंच्या जुन्या मुद्रिकांचा एक संग्रह काढला, त्यालाही रिन्झ्लरने टिपणे लिहिली. त्याआधी सप्टेंबर १९६५ मध्ये व्हर्जिनियातील फिनकॅसल येथे कार्लटन हेनी यांनी तीन दिवसांचा ब्लूग्रास महोत्सव भरवला. मन्रोंच्या वृंदात वेळोवेळी राहून गेलेले कलावंत तेथे क्रमाने मंचावर आले आणि आपापल्या काळातील गाणी त्यांच्यासोबत गाऊन गेले. जणू ती वहीच पानापानाने वाचली गेली. फ्लॅट आणि स्क्रग्ज मात्र तेथे नव्हते.

आता जमेची बाजू पाहिल्यावर नावेची बाजूही पाहिली पाहिजे. मन्रो स्वतः कोणाचे ऋणी होते? आठ भावंडांतील ते धाकटे, नजर अधू. फिडल आणि गिटार थोरल्या भावांनी घेतल्यामुळे त्यांच्या वाट्याला मॅंडोलिन आले. आवाज फार होऊ नये म्हणून भावांनी त्याच्या आठांपैकी चार तारा काढावयास लावल्या होत्या. दहाव्या वर्षी आई गेली, सोळाव्या वर्षी वडील. त्यानंतर त्यांना आधार दिला तो पेन्डल्टन व्हॅंडिव्हर ह्या मामांनी. मामा गावोगावच्या नाचांत फिडल वाजवत आणि भाच्याला साथीला नेत. दुसरे ऋण आर्नल्ड शुल्ट्झ ह्या कृष्णवर्णीय वादकाचे. त्यांच्याही सोबत किशोरवयीन मन्रो नाचांत वाजवत असत. शुल्ट्झ १९३१ साली वारले. त्यांच्या वादनाची एकही तबकडी नाही.

म्हणजे ह्या देण्याला कागद नव्हता, सही नव्हती, साक्षीदारही फारसा नव्हता. मन्रो गप्प राहिले असते, तर कोणी विचारले नसते. पण मामांवर त्यांनी ‘अंकल पेन’ हे गीत रचले, १९५० साली ध्वनिमुद्रित केले आणि पुढे जन्मभर गायिले. शुल्ट्झ यांचे नावही ते मुलाखतींतून आदराने घेत राहिले. ज्या ऋणाचा पुरावा फक्त ऋणकोच्या स्मरणात असतो, ते मान्य करण्यात माणसाची खरी पत दिसते.

हेच मन्रो आपल्याला सोडून गेलेल्या दोघांशी वीस वर्षांहून अधिक काळ बोलले नाहीत. दिवंगतांचे ऋण मोकळेपणाने मानणाऱ्या ह्या माणसाला हयात सहकाऱ्यांची कर्तबगारी मात्र सोसवली नाही. स्वभावाची ही गाठ सुटली १९७१ च्या जूनमध्ये, इंडियाना राज्यातील बीन ब्लॉसम येथे मन्रो स्वतः भरवीत असलेल्या महोत्सवात. तोवर फ्लॅट आणि स्क्रग्ज एकमेकांपासून वेगळे झाले होते. लेस्टर फ्लॅट त्या मंचावर आले, मन्रोंनी त्यांच्या हातात हात दिला आणि दोघे पुन्हा एकत्र गायिले. तेव्हा मन्रो साठीला टेकले होते. फ्लॅट यांना त्यानंतर आठच वर्षांचे आयुष्य होते.

संवत्सरीला किंवा क्षमावाणीच्या दिवशी क्षमेचे शब्द आपण अनेकांना सहज पाठवतो. ज्याच्याशी खरोखर अबोला आहे, त्याचे दार बहुधा राहून जाते. वेगळ्या झालेल्या भागीदाराचे, भावाचे, दुकान सोडून शेजारी गादी मांडणाऱ्या मुनिमाचे. अशा वेळी जुनी वही उघडून पाहावी. तिच्यात आपली जमा असते, तशीच त्याचीही असते. १९४६ सालची ती तबकडी आजही लावली, तर मन्रोंचा उंच स्वर आणि स्क्रग्जचा बॅंजो एकाच वेळी ऐकू येतात. पुढच्या अबोल्याने त्यातील एकही सूर पुसला गेलेला नाही.