तपासणीची तारीख आणि खाडा

तंबाखू सोडा, पौष्टिक खा, तोंडाचा व्यायाम करा आणि तपासणीची तारीख चुकवू नका. परळच्या टाटा हॉस्पिटलमधून घरी निघताना मला आणि तात्यांना डॉक्टरांनी हे अगदी सारखंच सांगितलं होतं. दोघंही बीड जिल्ह्यातले. दोघांनाही गालाचा कॅन्सर, ऑपरेशन होऊन सहा आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलेला. तंबाखू मळायची सवयही दोघांना तरुणपणापासूनची. मी जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक आणि तात्या ऊसतोड कामगार, फरक काय तो एवढाच.

आमची ओळख दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत झाली. शेक सुरू झाला की तोंड आतून सोलवटून निघतं, थुंकीसुद्धा गिळवत नाही. नाकातल्या नळीतून दूध आणि डाळीचं पाणी घेत आम्ही दोघं शेजारी शेजारी बसायचो. तिथे सगळे सारखेच होते.

घरी आल्यावर वाटा फुटल्या. शेकाने जबडा आखडतो. तो उघडता राहावा म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि जमेल तशी एकेक काडी वाढवत न्यायची. मला वैद्यकीय रजा होती, पगार चालू होता. दिवसातून चार-पाच वेळा आरशासमोर बसून मी हा व्यायाम करायचो. बायको भाजी-भाकरी मिक्सरमधून काढून द्यायची.

तात्यांचं ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं, पण मुंबईतला खर्च आणि मागे घरच्यांचं पोट मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीवर भागलं होतं. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तात्या घरी राहिले असते तर कोयता अर्धा झाला असता आणि उचल फिटली नसती. दसरा झाला, टोळी निघाली आणि तात्याही निघाले.

मी त्यांना फडावर भेटायला गेलो. कोपीत मिक्सर कुठला! वहिनी चहात भाकरी कुस्करून देत होत्या. तात्यांचं तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं आणि ओठाआड पुन्हा तंबाखूचा बार होता. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "गुरुजी, हिनं भूक मरती, झोप बी येत नाही. रातच्याला मोळी घेऊन फळीवर चढायचं तर कायतरी लागतंयच की."

तात्यांकडे निर्धार नव्हता, असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. माझी तंबाखू सुटली ती केवळ निर्धारावर नाही. वेळेवर जेवण होतं, रात्रीची झोप होती, तलफ आली की उठून चार पावलं फिरायची मोकळीक होती. निर्धार लागतोच, पण तो टिकायला महिन्याचा पगार आणि हातात वेळ लागतो.

तोंडाचा कॅन्सर उलटला तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, म्हणून त्या काळात दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी असते. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वे स्लीपरचं तिकीट माफ करते. बुडालेला रोज मात्र कुणी भरून देत नाही, उलट फडावर खाड्याचा, म्हणजे कामाला न आल्याचा, दंड बसतो. दुसऱ्या हंगामात तात्यांच्या मानेला गाठ आली. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की जाऊ, असं दोघा नवरा-बायकोने ठरवलं. पट्टा पडेपर्यंत गाठ फुटून वाहू लागली होती. पावसाळ्याआधी तात्या गेले.

मी आज शाळेत शिकवतो आहे. पालकसभेला आलेल्यांना सांगतो की तोंडातला पांढरा-लाल चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम लगेच दाखवा. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या क्रमांकावर फोन करा, मदत मोफत मिळते. पण तात्यांसारख्यांना एवढं पुरत नाही. ऊसतोड कामगारांसाठी राज्याचं कल्याण महामंडळ आहे. कॅन्सरमधून उठलेल्या कामगाराला तपासणीच्या दिवसाचा रोज महामंडळाने द्यावा आणि त्या दिवसाचा खाडा कुणी धरणार नाही, अशी अट मुकादमांवर आणि कारखान्यांवर घालावी.