रिकामी जागा

वसईकडील ख्रिस्ती घरांत नाताळासाठी द्राक्षारस घालण्याची रीत जुनी आहे. हळदीच्या मुलखात, हिंगोली जिल्ह्यातील कुरुंद्यास, कोणी आम्हाला त्याविषयी विचारील असे मात्र वाटले नव्हते. तेथे राहणाऱ्या एका निवृत्त परिचारिकाबाईंचे माहेर वसईचे. मे महिन्यात त्यांच्या विवाहाचा सुवर्णमहोत्सव होता. "फादर, आईसारखी वाईन एकदा यांना पाजायची आहे. बरणी किती भरायची तेवढं सांगा," असे त्यांनी फेब्रुवारीत विचारले.

आम्ही म्हणालो, "चौथा हिस्सा रिकामा ठेवा."

उत्तर खरे होते, परंतु अर्धे होते. द्राक्षे आंबू लागली की फेस व साली उफाळून वर येतात; बरणी काठोकाठ भरली असेल तर सारे जमिनीवर. वायूला वाट मिळाली नाही तर भांडेही फुटते. नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यांत घालू नये, हे शुभवर्तमानातील वचन ऐकणाऱ्यांना हा अनुभव घरचाच असणार. या दिवसांत निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेहून जड असल्याने रसावर पांघरुणासारखा राहतो व फडके बांधलेली बरणीही चालते.

फसफस थांबली की ते पांघरूण विरते. मग रिकाम्या जागेत हवा शिरते, आणि हवेचा सुमारे पाचवा भाग प्राणवायू. त्याच्या आधारे सूक्ष्मजंतू मद्यार्काचा सिरका करतात. पाश्चर यांनी १८६० च्या दशकात हेच दाखविले. म्हणून गाळ मागे ठेवून रस अरुंद गळ्याच्या बाटल्यांत, बुचाखाली दोन बोटे सोडून भरावा लागतो. अगदी बुचापर्यंतही नको; मराठवाड्याच्या उन्हाळ्यात रस फुगतो व बूच उडते.

हा उत्तरार्ध आम्ही सांगितलाच नाही. उपवासकाळाच्या धावपळीत विसरलो. बाईंनी आमचा शब्द प्रमाण मानून बरणी तशीच ठेवली, वर आठवड्यातून एकदा पेलाभर चव पाहिली, म्हणजे जागा आणखी वाढली. समारंभाच्या आदल्या दिवशी फडके सोडले तेव्हा रसावर पातळ पापुद्रा होता आणि वास नाकात झोंबला. बाई रागावल्या नाहीत, एवढेच म्हणाल्या, "आपणच सांगितलं होतं ना, फादर?" त्यांचे यजमान हसले आणि लिंबाचे सरबत मागितले.

आम्हाला शरम अधिक वाटण्याचे कारण असे, की ही गोष्ट आम्हाला ठाऊक होती. मिस्साचा द्राक्षारस द्राक्षांचा, नैसर्गिक व न बिघडलेला असावा, असे १९८३ च्या धर्मसंहितेचे ९२४ वे कलम सांगते. लहान ठिकाणी उघडलेली बाटली फार दिवस पुरते. म्हणून उरलेला रस लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरण्याची सवय आम्हाला सेमिनरीपासून आहे. वेदीसाठी पाळलेली काळजी लोकांच्या माजघरापर्यंत मात्र पोचली नाही.

पुढील वर्षी बाईंनी पुन्हा द्राक्षे आणली. या वेळी बाटल्या भरताना आम्ही स्वतः गेलो. एकीत रस कमी पडला, तेव्हा त्यांनी नातवाच्या काचेच्या गोट्या उकळून आत सोडल्या व पातळी गळ्यापर्यंत आणली. शेवटची बाटली मात्र अर्धीच भरली आणि गोट्या संपल्या होत्या. ती टिकणार नाही, असे आम्ही गंभीरपणे सांगितले. यजमानांनी लगेच तीन पेले मांडले.