उंच गवतातला चेंडू

गोल्फशी आपला काय संबंध, असे आमचे कचेरीतले एक सहकारी नेहमी विचारतात. संबंध आहे. आमच्या वस्तीतली अठरा-वीस वर्षांची चार-सहा पोरे गोल्फच्या मैदानावर कॅडीचे काम करतात. साहेबांची जड पिशवी वाहायची, मागतील ती स्टिक काढून द्यायची आणि चेंडू गवतात गेला की शोधायचा. रात्री ही पोरे अभ्यासिकेत येतात. त्यांचे ऐकून आणि पुढे टीव्हीवर सामने पाहून आम्हालाही या खेळाची गोडी लागली.

मैदानाच्या मधल्या कापलेल्या पट्ट्याला फेअरवे म्हणतात. त्याच्या कडेला मुद्दाम वाढवलेले उंच, दाट गवत म्हणजे रफ. खरी परीक्षा तिथे! स्टिकचे तोंड आणि चेंडू यांच्यामध्ये गवत येते. मग तोंडावरच्या खाचांना चेंडू धरता येत नाही आणि त्याला उलटी फिरकी मिळत नाही. गवत बेताचे असेल तर चेंडू सुसाट पळतो, पडल्यावर थांबत नाही. गवत खोल असेल तर ते स्टिकच्या मानेला विळखा घालते, तोंड वळते आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जाऊन जवळच पडतो.

जाणता खेळाडू म्हणून लांब पल्ल्याच्या स्टिकचा मोह टाळतो. तिरप्या तोंडाची वेज घेतो, तोंड किंचित उघडे ठेवतो, डावी मूठ आवळतो. चेंडू मागच्या पायाच्या जरा जवळ येईल असा उभा राहतो आणि स्टिक विळ्यासारखी आडवी न फिरवता कुदळीसारखी वरून उतरवतो. चेंडूमागे ती टेकवतही नाही, कारण धक्क्याने चेंडू हलला तर एक फटका दंड.

पोरांना हे सगळे पाठ आहे. पण सांगायची सोय नाही. "काका, मी म्हटलं, सर, वेज घ्या. त्यांनी वूड मागितली. चेंडू हातभर सरकला, आणि शिव्या मला!" हे आम्ही किती वेळा ऐकले! पावसाळ्यात गुडघाभर ओल्या गवतात शिरायचे, पायाखाली साप आहे की विंचू, कोण जाणे. पूर्वी चेंडू शोधायला पाच मिनिटे मिळत, २०१९ पासून तीनच मिळतात. नाही सापडला तर दंड साहेबांना, बोलणी कॅडीला.

हट्ट मोठमोठ्यांनाही नडतो. १९९९ साली स्कॉटलंडमध्ये कार्नुस्टीच्या ओपन स्पर्धेत फ्रान्सचा व्हान द व्हेल्ड शेवटच्या होलवर तीन फटक्यांनी पुढे होता. सहा फटके लागले असते तरी जिंकला असता. त्याचा दुसरा फटका प्रेक्षकांच्या स्टँडवर आपटून दाट रफमध्ये आला. तिथून त्याने ओढ्यापलीकडे मारायला पाहिले. गवताने स्टिक धरली, चेंडू ओढ्यात! एकूण सात फटके लागले आणि बरोबरी सोडवताना पॉल लॉरी जिंकला.

उलट स्पेनचा सेव्हे बायेस्तेरोस. शेतकरी घरातला, लहानपणी कॅडी. भावाने दिलेल्या एकाच जुन्या लोखंडी स्टिकने समुद्राच्या वाळूत शिकला. १९७९ ची ओपन त्याने बावीसाव्या वर्षी जिंकली, तीही रफमधून वाट काढत. शेवटच्या दिवशी सोळाव्या होलवर चेंडू मोटारी उभ्या करायच्या जागेत गेला, तरी त्याने बर्डी केली. आपल्याकडे दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेले अली शेर १९९१ मध्ये आणि पुन्हा १९९३ मध्ये इंडियन ओपन जिंकले. ही दोन नावे पोरांना आम्ही मुद्दाम सांगतो.

मैदान बंद असते त्या दिवशी पोरांना थोडा वेळ खेळू देतात, पण स्टिक कुठून आणणार? म्हणून आम्ही वर्गणी काढून जुन्या बाजारातून एक वेज आणली. नाल्यामागे महापालिकेने न कापलेले गवत भरपूर आहे. रविवारी सकाळी तिथे आळीपाळीने फटके चालतात. चेंडू चारच आहेत, त्यामुळे प्रत्येक फटक्यानंतर सगळेच शोधायला धावतात, आम्हीसुद्धा.