ओळंबा

१ जून २०२४, शनिवार
१९५० ची शेव्हरोले ३१०० पिकअप. पुढे अखंड लोखंडी अ‍ॅक्सल, दोन बाजूंना पाटे, किंगपिन. डावं चाक खड्ड्यात गेलं की उजवंही कलतं. शेतमाल वाहायला हे भक्कम होतं, पण मिशिगनच्या हायवेवर गाडी रस्ता धरत नाही. त्याजागी मस्टँग टू पद्धतीचा संच बसवायचा : वर आखूड आर्म, खाली लांब, कॉइल स्प्रिंग, रॅक-पिनियन, डिस्क ब्रेक. फोर्डनं १९७४ ते १९७८ च्या छोट्या मस्टँगसाठी केलेली ही रचना.

बाबा कोल्हापूरहून आलेत. एसटीच्या वर्कशॉपात त्यांचं आयुष्य गेलं. माझ्या हातात ग्राइंडर बघून म्हणाले, “अरे, आधी ओळंबा सोड.”

२ जून
दिवसभर फक्त मापं. चाकांवर गाडीचं वजन असतानाच पुढच्या चाकांचे मध्य ओळंब्यानं फरशीवर उतरवले, खडूनं खुणा केल्या. मागच्या अ‍ॅक्सलपासून उजवीकडे ११६ इंच बरोबर. डावीकडे पाव इंच कमी.

मला वाटलं, टेप चुकली. पुन्हा मोजलं, तेच. बाबा गाडीखाली सरकले आणि पहारीनं डावा पाटा हलवून दाखवला. बुश झिजून गेलेला, अ‍ॅक्सल मागे सरकलेला. ती खूण धरून नव्या संचाचा आडवा क्रॉसमेंबर जोडला असता तर गाडी जन्मभर एका बाजूला ओढत राहिली असती. चॅसीची मूळ भोकं प्रमाण धरून कर्ण मोजले, ते जुळले. नवी रेघ मारली. आजचा दिवस मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

८ जून
इंजिन उतरवलं. पाट्यांचे ब्रॅकेट रिव्हेटचे, डोकी घासून एकेक ठोकून काढलं. जुना अ‍ॅक्सल तेल लावून भिंतीशी ठेवला. तो भंगारात द्यायचा नाही.

१५ जून
चॅसी उघड्या पन्हाळीसारखी, नव्या संचाचा ताण तिला झेपणार नाही. आतून पट्ट्या लावून ती बंद केली. क्रॉसमेंबरला आधी टॅक, मग पुन्हा लेव्हल आणि कर्ण. पक्कं वेल्डिंग इंच-दोन इंचांचं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, नाहीतर उष्णतेनं चॅसी वाकते. बाबा प्रत्येक टाक्यानंतर टेप धरत होते.

२९ जून
स्टिअरिंगचा दांडा एक्झॉस्टला चुकवायला दोन युनिव्हर्सल जॉइंट लागले. पुढे आता पाच बोल्टची चाकं, मागे सहाची. स्टेपन्या दोन बाळगायच्या.

६ जुलै
अलाइनमेंट झालं. बाबांना शेजारी बसवून रेल्वे फाटकावरून गाडी तिरकी काढली. डावं चाक रुळावर उडालं, उजवं जागेवर राहिलं. स्टिअरिंगला हिसका नाही. पलीकडे गेल्यावर बाबा म्हणाले, “वळव. उजवं चाक आधी चढू दे, मला बघायचंय.”